विषबाधेच्या बातमीत वेळही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नाच्या जेवणातून विषबाधा झाल्याची बातमी आपल्या गेल्या आठवड्यातल्या अंकात वाचली. किती जण दवाखान्यात, कितींना सलाइन, नमुने तपासणीला पाठवले, सर्वांची प्रकृती स्थिर. ही बातमी मी वर्षानुवर्षं वाचते आहे. गाव बदलतं, आकडा बदलतो, कधी लग्न असतं, कधी सप्ताह, कधी वसतिगृह. दर वेळी मी तिच्यात एकच गोष्ट शोधते आणि ती सापडत नाही. जेवण शिजलं किती वाजता आणि पंगत बसली किती वाजता?

मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात ३१ वर्षं प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. रुग्णाच्या नमुन्यात कोणता जिवाणू आहे हे ओळखायचं तर आधी त्याला वाढू द्यावं लागतं, आणि ते माझं काम. त्याला खायला पेप्टोन, म्हणजे आधीच पचवलेली प्रथिनं, आणि मांसाचा अर्क द्यायचा, भरपूर ओलावा द्यायचा, आंबटपणा येऊ द्यायचा नाही आणि ३७ अंशांची ऊब द्यायची. संध्याकाळी त्या अन्नाच्या बशा, म्हणजे प्लेटा, इन्क्युबेटर या उबदार कपाटात ठेवून घरी जायचं. रात्री जिथे तारेने ओढलेल्या नुसत्या रेघा असत, तिथे सकाळी टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके उभे असत. त्या एकेका ठिपक्यात लाखो जिवाणू. एवढी वर्षं रोज सकाळी हे पाहिल्यामुळे मला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. जिवाणू कुठून आला याला जेवढं महत्त्व आहे, त्याहून जास्त त्याला रात्रभर काय मिळालं याला आहे.

ज्या अगरवर, म्हणजे समुद्री शेवाळापासून काढलेल्या आणि जेलीसारख्या घट्ट होणाऱ्या पदार्थावर, आम्ही हे वाढवत असू, ते प्रयोगशाळेत स्वयंपाकघरातूनच आलं. जर्मन जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख आधी जिलेटिन वापरत. ते उबेत पातळ व्हायचं आणि काही जिवाणू तर ते पचवूनच टाकायचे. त्यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे घरी जेली घट्ट करायला अगर वापरत. १८८१ मध्ये त्यांनी ते सुचवलं आणि आज जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत तेच आहे. प्लेट आणि पातेलं यांत जिवाणूच्या दृष्टीने फरक नाही, हे सांगताना मला त्या बाईंची नेहमी आठवण होते.

आपल्या घरातल्या प्रत्येक बाईला जिवाणू वाढवता येतात. दही लावताना आपण दुसरं काय करतो? दूध तापवून कोमट होऊ देतो. कढत दुधात विरजण मरतं, गारात लागत नाही. चमचाभर विरजण, वर झाकण, आणि भांडं हलवायचं नाही. थंडीत ते पिठाच्या डब्यात किंवा चुलीच्या उबेला ठेवायचं. सहा-आठ तासांत काम झालेलं असतं. अन्न, ओलावा, ऊब, वेळ. दह्यात वाढतात ते आपल्या उपयोगाचे, आणि ते स्वतःच दुधाला आंबट करून इतरांची वाट अडवतात. पण आमटीची डेग रात्री उतरवून झाकून ठेवली, तर तिलाही आपण नकळत विरजणच लावलेलं असतं. त्या विरजणात कोण आहे हे मात्र आपण निवडलेलं नसतं.

माझं माहेर माण तालुक्यातलं. दर वर्षी गावात सप्ताह होतो, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन आणि मग गावजेवण. २०१७ साली टँकर आदल्या दिवशी संध्याकाळी आला. सकाळच्या पाण्याचा भरवसा नव्हता, म्हणून येसूर, म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ, लावलेली घट्ट आमटी रात्रीच करून ठेवायची ठरली. रात्री ९ ला डेग उतरवली, वर ताट, ताटावर गोणपाट, की कुत्र्या-मांजराने तोंड घालू नये. दुपारी कीर्तन संपल्यावर डेग पुन्हा चुलीवर चढली. वाफ दिसली, आमटी गरम लागली, वाढायला घेतली. भात ताजा होता, बुंदी ताजी होती. माणसं पोटभर जेवली. आमटी चविष्ट झाली होती, हे मी स्वतः जेवले म्हणून सांगते.

रात्री दहानंतर घराघरांतून कण्हणं सुरू झालं. पोटात मुरडा आणि पाण्यासारखे जुलाब. उलट्या फार थोड्यांना, ताप जवळजवळ कुणालाच नाही. साठ-सत्तर माणसं. माझ्या ८० वर्षांच्या आत्यांना तालुक्याला हलवावं लागलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बहुतेक सगळे उठून बसले.

आणि मग बोलणं सुरू झालं. आमटीत पाल पडली असणार. टँकरचं पाणी खराब. कुणाची तरी नजर लागली. शेवटी सगळं येऊन थांबलं आमटीला फोडणी देणाऱ्या बाईंवर. एकट्या राहणाऱ्या, दर वर्षी न बोलावता येणाऱ्या, पहाटेपासून राबणाऱ्या. त्यांचा हात स्वच्छ नव्हता असं कुणीतरी म्हणालं आणि ते गावभर झालं. पुढच्या वर्षी त्या देवळात आल्या, कीर्तनाला बसल्या आणि चुलीकडे न बघता घरी गेल्या. मला ते आजही सहन होत नाही, आणि हे पत्र लिहायचं निम्मं कारण तेच आहे.

पालीचं आधी सांगते. आपल्या भिंतीवरची पाल विषारी नसते. तिच्या आतड्यात साल्मोनेला हा जिवाणू असू शकतो, म्हणून ती अन्नात पडू नये हे खरंच. पण उकळत्या आमटीत पडलेली पाल सत्तर माणसांना आजारी पाडत नाही.

डेगेत काय झालं असेल ते मला घड्याळावरून दिसत होतं. डेगेतल्या आमटीचा किंवा उलटी-जुलाबाचा नमुना कुणी ठेवला नव्हता, त्यामुळे जिवाणूचं नाव शपथेवर सांगता येणार नाही. पण जेवणानंतर नऊ-दहा तासांनी सुरू होणारा मुरडा, ताप नाही, दिवसभरात आराम, हे वर्णन क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूशी इतकं जुळतं, की ते ऐकताना मला आमची एक बाटली आठवली.

आमच्याकडे एक माध्यम होतं, रॉबर्टसनचं कुक्ड मीट. बारीक केलेलं शिजवलेलं मांस आणि वर रस्सा, छोट्या बाटलीत. ज्या जिवाणूंना हवा चालत नाही ते त्यात वाढवायचे. वापरायच्या आधी ती बाटली उकळून घ्यायची, म्हणजे रश्शात विरघळलेला प्राणवायू निघून जातो. तळाच्या मांसात हवा पोचत नाही आणि तिथे हे जिवाणू रात्रीत वाढतात. आता मोठ्या डेगेतली आमटी किंवा मटणाचा रस्सा डोळ्यांपुढे आणा. तासभर उकळून हवा निघून गेलेली, खाली घट्ट साका, वर तेलाचा तवंग आणि त्यावर झाकण. माझी ती बाटली ऐंशी लिटरची झाली, एवढंच.

उकळल्यावर जिवाणू मरत नाहीत का, असं मला सगळेच विचारतात. मरतात. पण काही जिवाणू अडचणीच्या काळात स्वतःभोवती टणक कवच घालून बीजाणू होतात, आणि हे बीजाणू साध्या उकळीला दाद देत नाहीत. ते मातीत असतात, धुळीत असतात, हळद-धण्यात असतात, डाळीबरोबर येतात. त्यांना मारायला प्रयोगशाळेत आम्ही ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात, १२१ अंशांवर १५ मिनिटं लावत असू. उघड्या डेगेत १०० च्या वर आच जातच नाही. उलट उकळीने बाकीचे सगळे मरतात आणि बीजाणूंना रान मोकळं मिळतं. वर त्या धगीने ते जागेही होतात. आमटी पन्नास अंशांच्या खाली आली की त्यांची वाढ सुरू होते, आणि ४३ ते ४६ च्या आसपास हा जिवाणू दहाएक मिनिटांत दुप्पट होतो. दहा मिनिटांना दुप्पट म्हणजे एकापासून चार तासांत १ कोटी ६७ लाख. हा कागदावरचा हिशेब झाला, प्रत्यक्षात कधीतरी वेग मंदावतो. पण सुरुवात एकापासून होत नसते, हेही लक्षात घ्या.

आमटी रात्रभर गरम राहते, त्यामुळे काही होत नाही, असं आचाऱ्यांचं म्हणणं होतं. म्हणून त्याच वर्षी दिवाळीनंतर मी भावाला बरोबर घेऊन तीच डेग आणवली. ऐंशी लिटर पाणी उकळलं, रात्री ९ ला खाली उतरवलं, तसंच ताट, तसंच गोणपाट. प्रयोगशाळेतला लांब थर्मामीटर माझ्याकडे होता. ९ वाजता ९६ अंश. १२ वाजता ७२. पहाटे ३ ला ५८. सकाळी ६ ला ४७. ९ ला ४०. दुपारी १२ ला ३६. माणात ऐंशी लिटर पाणी फुकट घालवायचं नसतं, ते नंतर जनावरांना पाजलं. पण त्या वहीच्या पानावर भाऊ बराच वेळ बघत राहिला. पहाटे पाचपासून दुपारपर्यंत, सलग सात तास, ती डेग जिवाणू वाढतील अशा उबेत होती, जशी मी नोकरीत असताना मुद्दाम बटण फिरवून लावत असे. आमटी तर पाण्याहून घट्ट, ती याहून हळू निवते.

वाटीभर आमटी तासाभरात गार होते. ऐंशी लिटरला रात्र पुरत नाही. घरच्या स्वयंपाकात चालून जाणारी सवय गावजेवणात अंगाशी येते ती यामुळे. त्यात माणसं वाईट नसतात, भांडं मोठं असतं.

दुपारी ती आमटी नुसती कढत न करता खळखळून उकळली असती, पळीने तळापासून ढवळत, तर कदाचित कुणालाच काही झालं नसतं. हा जिवाणू आपलं विष आपल्या आतड्यात गेल्यावर तयार करतो, त्यामुळे तो जिवंत पोटात जावा लागतो, आणि वाढलेले जिवाणू नीट उकळीत मरतात. पण 'उकळलं की झालं' हा नियम सगळीकडे लावता येत नाही, आणि इथे मला भाताविषयी बोललंच पाहिजे.

१९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या चिनी हॉटेलांत फ्राइड राइस खाऊन लोकांना उलट्या झाल्याची बरीच प्रकरणं झाली. तिथले आचारी भात आदल्या दिवशी शिजवून बाहेरच ठेवत, कारण फ्रिजमधल्या भाताचे गोळे होतात. सकाळी तो तेलावर परतला की झाला. त्या भातात बॅसिलस सेरियस नावाचा जिवाणू वाढत होता. तोही बीजाणू करणारा, तांदळाबरोबरच येणारा. तो आपलं उलटीचं विष भातातच तयार करून ठेवतो, आणि ते विष फोडणीच्या आचेने नष्ट होत नाही. जिवाणू मेला तरी विष उरतं. बासुंदी, पेढे, खवा यांत असंच काम स्टॅफिलोकॉकस नावाचा जिवाणू करतो. तो आपल्या नाकात आणि हातावरच्या पिकलेल्या फोडात असतो. खारट-गोड त्याला चालतं. त्याचंही विष उकळून जात नाही.

फोडणीचा भात मला स्वतःला आवडतो आणि तो मी सोडलेला नाही. रात्रीचा भात जेवणं झाली की लगेच ताटात पसरून निववते आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवते. पातेल्यात दाबून भरलेला भात आतून रात्रभर कोमट राहतो, पसरलेला अर्ध्या तासात गार होतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नका, आणि ५ ते ६० अंशांच्या मधला पट्टा टाळा. घरी थर्मामीटर लागत नाही. हात पोळेल इतकं गरम, नाहीतर फ्रिजमधलं गार. मधलं कोमट दह्यासाठी ठेवावं.

'पण बाई, विटलं नव्हतं हो,' हे मी किती जणांकडून ऐकलं असेल. आपल्या भाषेत अन्न बिघडण्याला किती शब्द आहेत! विटणं, आंबणं, नासणं, खवट होणं, बुरसणं, तार येणं. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या नाकाने आणि जिभेने ते वेगळे ओळखले. पण अन्न विटवणारे जिवाणू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे बहुतेक वेळा वेगळे. परफ्रिंजेन्स आमटीचा वास बदलत नाही. सेरियसचं विष भाताला चव देत नाही. वास आला तर अन्न टाकावं हे बरोबर आहे. वास आला नाही म्हणून मात्र खात्री धरता येत नाही.

आपल्या आजी-पणजींनी जिवाणूला अडवण्याच्या युक्त्या कमी केल्या नव्हत्या. पापड, कुरडया, सांडगे यांतून पाणीच काढून घेतलं. लोणच्यात मीठ असं घातलं की पाणी असूनही जिवाणूच्या हाती लागत नाही. दह्या-ताकात आंबटपणा आणला. प्रवासाला भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या दिल्या, आमटी दिली नाही. त्यांच्याकडे ऐंशी लिटरची डेग रोज नसे, हे मात्र खरं.

आता मुद्द्यावर येते. बातमीत अन्न उतरल्याची, वाढल्याची आणि पहिल्या त्रासाची अशा तीन वेळा मिळाल्या तर आमच्यासारखी माणसं घरबसल्या बरंच काही ओळखू शकतात. जेवणानंतर दोन-चार तासांत उलट्या सुरू झाल्या तर भाताकडे आणि मिठाईकडे बघायचं. आठ ते सोळा तासांनी मुरडा आणि जुलाब, तर रात्रभर ठेवलेल्या डेगेकडे. दिवस उलटून ताप चढला, तर साल्मोनेलासारखा कुणी, आणि तिथे अर्धकच्चं अंडं-मांस किंवा चिरताना लागलेली घाण. आणि ताटावरून उठता उठता माणसं कोसळली तर हा जिवाणूंचा प्रकारच नाही. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या माध्यान्ह भोजनाने २३ मुलं गेली, ती कीटकनाशकाने. तिथे घड्याळाने पहिल्या तासातच वेगळं काही सांगितलं होतं. उपवासाच्या भगरीची प्रकरणंही मी यात धरत नाही. तिथे दमट पिठातल्या बुरशीचा संशय असतो आणि तो वेगळा विषय आहे.

नमुन्यांबद्दल माझी एक तक्रार आहे. बहुतेक वेळा डेग घासून झाल्यावर आठवण होते. उरलंसुरलं मिळालंच तर प्लॅस्टिकच्या पिशवीत, मे महिन्याच्या उन्हात, चार-पाच तास प्रवास करून प्रयोगशाळेत येतं. आमच्या विभागात अशी पिशवी उघडताना मला दर वेळी वाईट वाटायचं. त्या प्रवासात त्यात जे वाढलं ते खाणाऱ्यांच्या ताटात होतं की नाही हे कसं सांगणार? जिथे दोन-चारशे माणसांचं जेवण आहे तिथे प्रत्येक पदार्थाची एकेक वाटी झाकून फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवली, तर हा प्रश्न उरत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये फ्रिज असतोच.

आमच्या गावात काय बदललं ते सांगते. भावाने ती वही सप्ताहाच्या बैठकीत नेली आणि आचाऱ्यांनी स्वतः वाचली. त्यांनी वाद घातला नाही. 'मला कुणी हे आकडे दाखवलेच नव्हते,' एवढंच म्हणाले. आता पाण्याची टाकी आदल्या दिवशी भरून ठेवतात आणि आमटी काल्याच्या दिवशी सकाळीच होते. एका मोठ्या डेगेऐवजी चार लहान. प्रत्येकीवर खडूने उतरवल्याची वेळ. उरलेली आमटी रात्रीसाठी ठेवायची असेल तर परातींत ओतून निववतात, तेही पाणी मारलेल्या फरशीवर. फोडणी देणाऱ्या त्या बाईंकडे माझा भाऊ आणि आचारी दोघे गेले होते. त्या लगेच आल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी आल्या.

संपादक महोदय, आपल्या वार्ताहराला पोलीस ठाण्यात आणि दवाखान्यात जावंच लागतं. तिथेच आणखी तीन प्रश्न विचारता येतील. अन्न चुलीवरून कधी उतरलं, ताटात कधी पडलं, पहिल्या माणसाला त्रास कधी झाला. तीन आकडे, एक ओळ. दर बातमीत ती ओळ येऊ लागली तर वाचणाऱ्या आचाऱ्याला, वधूपित्याला, वसतिगृहाच्या अधीक्षकाला डेग झाकताना घड्याळ आठवेल. आणि एखाद्या गावात कुणा बाईच्या हाताकडे बोट दाखवण्याआधी लोक वेळेची चौकशी करतील.

गेल्या आठवड्यात ज्या लग्नाची बातमी आपण छापली, तिथलं जेवण कधी शिजलं होतं हे अजूनही विचारता येईल. आचाऱ्याला ते आठवत असेल.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
सातारा